जुन्या बॅटरीवरचे इलाज : एक परीक्षण

बारावीच्या रसायनशास्त्रात विद्युतरसायनाच्या प्रकरणात शिसे-आम्ल संचायक, म्हणजे गाडीची नेहमीची बॅटरी, शिकवली जाते. ऋण पट्टी शिशाची, धन पट्टी शिशाच्या डायऑक्साइडची आणि दोन्ही सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. बाहेरून वीज दिली की हीच क्रिया उलट दिशेने होते. समीकरणाच्या मधोमध दोन दिशांचे बाण काढले की पाठ संपतो.

हे वर्णन चूक नाही, पण अपुरे आहे. दोन्ही बाण सारखेच खरे असते तर कोणतीही बॅटरी कधी निकामी झाली नसती. प्रत्यक्षात गाडीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते. वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी ट्रॅक्टर किंवा जीप असेल, तर 'बॅटरी बसली' हे शब्द त्याने समीकरणाच्या कितीतरी आधी ऐकलेले असतात. ती का बसते, हा प्रश्न पाठात येत नाही, म्हणून त्याचे उत्तरही येत नाही. मग उत्तर गॅरेजमधून, शेजाऱ्याकडून आणि अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफितींतून येते. विहिरीचे पाणी टाका, थोडे ॲसिड वाढवा, एप्सम मीठ घाला, तुरटीचे पाणी भरा, ॲस्पिरिनच्या गोळ्या टाका, मेलेली बॅटरी जिवंत होईल!

या इलाजांचे परीक्षण करणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रत्येक इलाजाला तीन प्रश्न विचारू. माहीत असलेल्या रसायनशास्त्राशी तो जुळतो का? त्याची तुलना करून तपासणी झाली आहे का? आणि तो फसला तर किंमत कोण मोजतो?

ऊन, पाणी आणि वापराची रीत

उदाहरणासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा झरी जामणी तालुका घेऊ. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. मुलूख कापसाचा. वणीला किंवा पांढरकवड्याला जायचे तर जीप, काळीपिवळी किंवा मालवाहू गाडी, आणि शेतात ट्रॅक्टर. बॅटरीचे आयुष्य ठरवणाऱ्या तीन गोष्टी इथे एकत्र भेटतात.

पहिली गोष्ट ऊन. या भागात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि बॉनेटखाली त्याहून वर. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांमागे अदमासे दुप्पट होतो, हा नियम विद्यार्थ्यांना माहीत असतो. बॅटरीला झिजवणाऱ्या क्रियांनाही तो ढोबळमानाने लागू पडतो. म्हणजे २७ अंशांत चार वर्षे टिकेल अशी बॅटरी सतत ३७ अंशांत ठेवली, तर अदमासे दोनच वर्षे टिकेल. गंमत अशी की गरम बॅटरी इंजिन सहज फिरवते, त्यामुळे उन्हाळ्यात झालेली झीज उन्हाळ्यात दिसत नाही. ती डिसेंबरच्या पहाटे उघड होते आणि दोष थंडीला दिला जातो.

दुसरी गोष्ट पाणी. मुकुटबन आणि आसपासचा पट्टा चुनखडीचा व डोलोमाइटचा आहे. अशा खडकातून येणारे पाणी कठीण असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. जिल्ह्याच्या या भागातल्या अनेक बोअरच्या पाण्यात फ्लोराइडही प्रमाणाबाहेर आढळले आहे. हे पाणी बॅटरीत पडले तर काय होते, ते पुढे पाहू.

तिसरी गोष्ट वापराची रीत. हंगाम संपला की ट्रॅक्टर उभा राहतो, तोही नेमका सर्वांत गरम महिन्यांत. उभ्या बॅटरीतली वीज आपोआप कमी होत जाते, आणि उष्णतेत ती अधिक वेगाने कमी होते. जूनमध्ये पाऊस आला, पेरणीची घाई सुरू झाली, की सेल्फ लागत नाही. इलाजांचा बाजार तेव्हा तेजीत असतो, कारण माणसाला त्या दिवशी तपासणी नको असते, ट्रॅक्टर चालू व्हायला हवा असतो.

बॅटरी मरते म्हणजे काय होते?

'बॅटरी मेली' हा एक शब्दप्रयोग आहे, पण मरणाची कारणे निदान चार आहेत. इलाज तपासण्याआधी ती वेगळी करायला हवीत.

पहिले कारण सल्फेटचे मोठे स्फटिक. वीज देताना तयार होणारे लेड सल्फेट सुरुवातीला अगदी बारीक कणांचे असते आणि चार्जिंगमध्ये सहज परत फिरते. बॅटरी तशीच उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, की बारीक कण विरघळतात आणि मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतात. पिठीसाखर पाण्यात चटकन विरघळते आणि खडीसाखरेचा खडा तोंडात बराच वेळ राहतो. पदार्थ तोच, पण वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी. मोठ्या स्फटिकांचे असेच होते. ते चार्जिंगला फार सावकाश प्रतिसाद देतात.

दुसरे कारण धन पट्टीच्या जाळीचे गंजणे. पट्टीतला क्रियाशील लगदा ज्या शिशाच्या जाळीवर थापलेला असतो, ती जाळी वर्षानुवर्षे ऑक्सिडीभवनाने झिजते आणि शेवटी तुटते. तिसरे कारण लगदा गळणे. खडबडीत रस्त्यावर सैल बसवलेली बॅटरी हादरत राहते, लगदा सुटून तळाशी गाळ साठतो आणि गाळाने दोन पट्ट्या जोडल्या गेल्या की तो घट शॉर्ट होतो. चौथे कारण पट्ट्या उघड्या पडणे. पाण्याची पातळी खाली गेली की वरचा भाग हवेत कोरडा पडून कायमचा कडक होतो.

या चारांपैकी फक्त पहिले कारण काही अंशी परत फिरवता येते. गंजलेली जाळी, गळलेला लगदा आणि वाळलेली पट्टी कोणत्याही भुकटीने पूर्ववत होत नाही. म्हणून 'कोणतीही मेलेली बॅटरी जिवंत करतो' हा दावा ऐकताक्षणीच संशयास्पद ठरतो. चार वेगळ्या रोगांवर एकच औषध सांगणारा वैद्य आपण एरवी मानत नाही.

विहिरीचे पाणी आणि वरचे आम्ल

चार्जिंग पूर्ण होत आले की वीज पाण्याचे अपघटन करू लागते. हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांनी निघून जातात. किती पाणी जाते याचा हिशेब वर्गात करता येतो. एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कुलोम. फॅरडेच्या नियमाने तेवढ्या भाराने एका घटातले सुमारे ०.३४ ग्रॅम पाणी विघटित होते. सहा घटांच्या बॅटरीत ते सुमारे २ ग्रॅम. म्हणजे दहा अँपिअर-तास जादा चार्जिंग झाले की २० ग्रॅम पाणी गेले. उन्हाने होणारे बाष्पीभवन वेगळेच. या दोन्ही वाटांनी मुख्यतः पाणीच जाते. आम्ल जवळजवळ सगळे आतच राहते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, भर पाण्याचीच घालायला हवी. दोन, ते पाणी शुद्ध हवे, कारण पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. दर खेपेला थोडे, असे दोन-तीन वर्षांत क्षारांचे प्रमाण वाढत जाते. लोहाचे आयन असतील तर ते एका पट्टीवर ऑक्सिडीभूत आणि दुसरीवर क्षपित होत फेऱ्या मारतात आणि बॅटरी उभ्या उभ्या उतरते. क्लोराइड धन पट्टीची जाळी खातो. म्हणूनच बॅटरीच्या पाण्यासाठी 'आयएस १०६९' हे वेगळे भारतीय मानक आहे. 'आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे' हे पिण्याच्या बाबतीत खरे असेल, पण जिभेला बॅटरीची कसोटी कळत नाही. स्वच्छ काचेवर विहिरीच्या पाण्याचा एक थेंब आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब शेजारी शेजारी वाळवून दाखवावेत. चुनखडीच्या पट्ट्यातल्या पाण्याचा पांढरा डाग विद्यार्थ्यांना जे सांगेल, ते फळ्यावर सांगून तितके पटणार नाही. घरगुती आरओ यंत्राचे पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा बरे, तरी ते क्षारमुक्त नसते.

इथे एखादा हुशार विद्यार्थी हमखास विचारेल : पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी घालू नये, असे तुम्हीच शिकवले, मग बॅटरीत पाणी कसे ओतायचे? प्रश्न चांगला आहे. तो नियम संहत आम्लासाठी आहे. बॅटरीतले आम्ल आधीच सौम्य असते, त्यात वजनाने सुमारे एक-तृतीयांश गंधकाम्ल असते. त्यात थोड्या पाण्याची भर घातल्याने उसळण्याइतकी उष्णता निघत नाही.

आता दुसरा इलाज : 'आम्ल कमजोर झाले आहे, वरून थोडे ॲसिड टाकू.' हा इलाज विशेष फसवा आहे, कारण त्याने मापकावर सुधारणा दिसते. बॅटरीच्या एका घटाचा विश्रांतीतला व्होल्टेज अदमासे 'विशिष्ट गुरुत्व अधिक ०.८४' इतका असतो. विशिष्ट गुरुत्व १.२६ असेल तर घटाला २.१० व्होल्ट, बॅटरीला १२.६ व्होल्ट. ते १.१४ वर उतरले तर घटाला १.९८ आणि बॅटरीला सुमारे ११.९ व्होल्ट. समजा, अशा उतरलेल्या बॅटरीत आम्ल घालून विशिष्ट गुरुत्व पुन्हा १.२४ केले. हायड्रोमीटर म्हणेल बॅटरी भरली. व्होल्टमीटरही जवळपास १२.५ दाखवील. पण पट्ट्यांवरचे लेड सल्फेट तसेच आहे, त्याच्यापासून शिसे व डायऑक्साइड परत झालेले नाही. साठवलेली वीज वाढलेली नाही, फक्त ती मोजायची खूण बदलली आहे. आम्ल मुळात नाहीसे झालेले नव्हते, ते सल्फेटच्या रूपाने पट्ट्यांवर बसले होते. नंतर चार्जिंग झाले की ते परत द्रवात येते, आणि वरून घातलेल्या आम्लामुळे द्रव गरजेपेक्षा तीव्र होऊन जाळी अधिक वेगाने गंजते. आम्ल सांडून गेले असेल तेवढाच या नियमाला अपवाद.

मीठ, तुरटी आणि गोळ्या

एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. कपाशीवर लाल्या पडला की शेतकरी ते फवारतात, त्यामुळे कृषी केंद्रात ते सहज मिळते. ते घातल्याने पट्ट्यांवरचे सल्फेट विरघळते असे सांगितले जाते. इथे बारावीच्याच दुसऱ्या प्रकरणातला समआयन परिणाम आठवावा. सल्फेट असलेल्या द्रवात आणखी सल्फेट घातले, तर लेड सल्फेटची विद्राव्यता वाढण्याचे कारण काय? अपेक्षा उलटी आहे. काही बॅटऱ्यांत उत्पादक स्वतःच अल्प प्रमाणात सोडियम सल्फेट घालतात, हे खरे आहे. पण त्याचा हेतू नेमका विरुद्ध असतो. बॅटरी फार उतरली की द्रवात शिशाचे आयन वाढतात आणि पुढच्या चार्जिंगमध्ये त्यांचे तंतू वाढून पट्ट्या जोडल्या जाण्याचा धोका असतो. विद्राव्यता कमी ठेवून तो टाळायचा. जे विरघळू नये म्हणून वापरतात, तेच विरघळवण्यासाठी खपवले जाते!

तुरटीचा इलाज याहून वाईट, कारण त्यात आधी बॅटरीतले आम्ल ओतून टाकायला सांगतात. गंधकाम्ल बॅटरीत नुसते वीज वाहून नेण्यासाठी नसते. ते क्रियेत भाग घेते. आम्ल काढून टाकणे म्हणजे चुलीतली लाकडे काढून घेणे. तुरटीच्या द्रावणाने व्होल्टमीटरचा काटा हलेल, कारण पट्ट्या अजून आहेत. पण इंजिन फिरवायला एकदम शे-दोनशे अँपिअर लागतात, ते त्यातून मिळणार नाहीत.

ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल. बॅटरीतल्या आम्लात त्याचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल तयार होते आणि ते शिशाची जाळी खाते. तात्पुरता फायदा झालाच तर पुढच्या महिन्यांच्या आयुष्यातून वसूल होतो. ईडीटीए हे शिशाला धरून ठेवणारे संयुग आहे, पण त्याची पकड अल्कलीय द्रवात चांगली आणि तीव्र आम्लात फार सैल असते. म्हणजे इथेही आम्ल ओतून टाकणे आलेच.

ओतलेले आम्ल आणि गाळ जातो कुठे? बहुधा गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत. त्यात शिसे असते, आणि ते मातीतून नाहीसे होत नाही. सेनेगलची राजधानी डाकारच्या थियारोये-सुर-मेर या वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. जुन्या बॅटऱ्यांतले शिसे काढण्याच्या उद्योगामुळे तिथली माती शिशाने भरली होती. एका बॅटरीचा गाळ म्हणजे डाकार नव्हे, हे मान्य. पण इलाज फसला तर किंमत कोण मोजतो, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. ती अंगणात खेळणारे मूल मोजते.

एका भुकटीची गोष्ट

'पण अमक्याला गुण आला' असे यावर कुणीतरी म्हणेलच. हा युक्तिवाद नवा नाही. याच एप्सम मिठावरून अमेरिकेत १९५३ साली मोठे प्रकरण झाले होते.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचे जेस रिची 'एडी-एक्स-२' नावाची भुकटी विकत. बॅटरीत घातली की तिचे आयुष्य वाढते, असा त्यांचा दावा होता. भुकटीत मुख्यतः सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट होते. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ही सरकारी संस्था अनेक वर्षे अशा भुकट्या तपासत होती आणि त्यांचा उपयोग नाही असे सांगत होती. एडी-एक्स-२ च्या तपासणीतही तेच आढळले. रिची यांच्याकडे मात्र समाधानी ग्राहकांची भरपूर पत्रे होती. डिसेंबर १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या एका तपासणीचे निष्कर्षही त्यांना आपल्या बाजूचे वाटले. फेब्रुवारी १९५३ मध्ये टपाल खात्याने भुकटीच्या टपालविक्रीवर बंदी घातली, आणि प्रकरण राजकारणात गेले. नवे वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांचे मत असे की, बाजारात लोक माल घेतात ही गोष्ट प्रयोगशाळेने विचारात घ्यायला हवी. मार्चअखेर त्यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचा राजीनामा मागितला.

देशभरच्या वैज्ञानिकांनी आक्षेप घेतला. संस्थेतल्या अनेकांनी नोकरी सोडण्याची तयारी दाखवली. सरकारला माघार घ्यावी लागली आणि ॲस्टिन पदावर राहिले, ते थेट १९६९ पर्यंत. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९५३ च्या उत्तरार्धात सगळा पुरावा तपासून संस्थेचे काम योग्य ठरवले आणि भुकटीत गुण नसल्याचे सांगितले. तरीही १९५६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने रिची यांच्याविरुद्धची तक्रार फेटाळली. प्रयोगशाळेतला निकाल आणि कचेरीतला निकाल एकच असेल, असे नाही.

श्रेय कोणाचे?

रिची यांचे ग्राहक खोटे बोलत होते, असे समजायचे कारण नाही. त्यांच्या बॅटऱ्या खरोखर सुधारल्या असतील. मुद्दा सुधारणेचे श्रेय कोणाला, हा आहे.

एखादा माणूस इलाज करतो तेव्हा काय काय करतो ते क्रमाने पाहा. तो बॅटरी गाडीतून काढतो. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढतो. पाण्याची पातळी भरतो. भुकटी घालतो. मग बॅटरी रात्रभर, कधी दोन दिवस, बारीक करंटवर चार्जिंगला लावतो. सकाळी सेल्फ लागतो. या पाच गोष्टींपैकी चार गोष्टी उपयोगी आहेत, हे आपल्याला आधीच माहीत आहे. टर्मिनलवरचा थर गेला की संपर्काचा रोध कमी होतो. पाणी भरले की बुडालेल्या पट्ट्यांचे क्षेत्र वाढते. नुसत्या विश्रांतीनेही पट्ट्यांच्या छिद्रांत ताजे आम्ल शिरते. आणि सावकाश, लांबलेले चार्जिंग हाच सल्फेटच्या स्फटिकांवरचा खरा उपाय आहे. एरवी गॅरेजमध्ये गर्दीच्या वेळी तासा-दोन तासांत उरकलेल्या चार्जिंगने ते साधत नाही. पण आठवणीत राहते ती भुकटी, कारण तीच एक गोष्ट नवी होती, आणि पैसे तिच्यासाठीच मोजले होते.

जी बॅटरी सुधारत नाही, तिचा मालक चित्रफीत बनवत नाही. तो ती भंगारात देऊन नवी आणतो. म्हणून ऐकू येणाऱ्या कहाण्या यशाच्याच असतात.

'पल्स' देणाऱ्या यंत्रांनाही हाच न्याय लावावा. ही यंत्रे वीज ठोक्याठोक्यांनी देऊन सल्फेट फोडतात असा दावा आहे. भुकट्यांइतका हा दावा रसायनशास्त्राच्या विरुद्ध जात नाही, त्यामुळे तो सरसकट निकालात काढू नये. पण तपासणी करायची तर तेवढीच वीज, तेवढाच वेळ, ठोक्यांशिवाय दिलेल्या दुसऱ्या बॅटरीशी तुलना हवी. नुसते 'लावण्यापूर्वी' आणि 'लावल्यानंतर' पुरेसे नाही.

आयुष्य खरोखर कशाने वाढते?

इलाज बाजूला काढल्यावर जे उरते ते साधे आहे. पाण्याची पातळी उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पाहावी आणि ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त पाणीच घालावे. पट्ट्या उघड्या असतील तर आधी त्या बुडतील इतके पाणी घालून चार्ज करावे आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंगनंतर घालावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची वायर सोडून ठेवावी, बॅटरी सावलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. हंगाम संपताना केलेले हे काम जूनमधल्या कोणत्याही इलाजापेक्षा स्वस्त पडते. पट्टा घट्ट असावा, म्हणजे रस्त्याचे हादरे बॅटरीपर्यंत कमी पोचतील. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. कमी दिसले तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते, जास्त दिसले तर पाणी उडते. दोष अल्टरनेटरचा असेल तर बॅटरीवर कितीही खर्च केला तरी व्यर्थ. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, पण घटांची झाकणे लावून, नाहीतर सोडा आत जाऊन आम्लाचे उदासिनीकरण करील.

बसलेली बॅटरी वाचण्याजोगी आहे का, हे हायड्रोमीटर सांगतो. चार्ज केल्यावर सहाही घट सारखेच पण थोडे कमी वाचन देत असतील, तर बारीक करंटवर एक-दोन दिवस चार्जिंग करून पाहण्यात अर्थ आहे. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला २ अँपिअर पुरेत. पाच घट चांगले आणि एकच फार मागे असेल, तर तो घट बहुधा शॉर्ट आहे आणि प्रयत्न थांबवावा. वाचन घेताना तापमान लक्षात घ्यावे. दर अंशाला सुमारे ०.०००७ इतका फरक पडतो. ४२ अंशांत १.२३० दिसले तर २७ अंशांच्या मानाने ते सुमारे १.२४० असते. नव्या बंद बॅटऱ्यांना उघडण्याची झाकणे नसतात. त्यांना भोके पाडून पाणी घालण्याचे प्रकार करू नयेत.

चार्जिंगमधला हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. म्हणून खोली मोकळ्या हवेची असावी, विडी-काडी दूर असावी, डोळ्यांवर चष्मा आणि हाताशी भरपूर पाणी असावे. आणि बॅटरी खरोखर संपली की ती दुकानदाराला परत द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भंगारातही भाव मिळतो.

वर्गासाठी एक तपासणी

हे सगळे शिक्षकाने सांगितले म्हणून विद्यार्थ्यांनी मानावे, असे नाही. गावातल्या गॅरेजवाल्याची मदत मिळाली तर वरच्या वर्गांना स्वतः तपासणी करता येईल. एकाच मापाच्या चार-सहा जुन्या, झाकणे उघडणाऱ्या बॅटऱ्या घ्याव्यात. सगळ्यांची टर्मिनले साफ करून, पाणी भरून, सारख्या करंटवर सारखा वेळ चार्ज कराव्यात. मग प्रत्येकीवर ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब लावून व्होल्टेज १०.५ पर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते मोजावे. असा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर घेतो. तीन तास चालला तर बॅटरीत साधारण साडेतेरा अँपिअर-तास उरले आहेत. मोजणी झाली की लगेच पुन्हा चार्ज करावे, उतरलेली ठेवू नये.

आता नाणे उडवून निम्म्या बॅटऱ्या निवडाव्यात आणि शिक्षकांनी त्यांत एप्सम मिठाचे ऊर्ध्वपातित पाण्यातले द्रावण घालावे. उरलेल्यांत तेवढेच नुसते ऊर्ध्वपातित पाणी. कोणत्या बॅटरीत काय आहे, हे वेळ मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगू नये. पुन्हा सारखे चार्जिंग, पुन्हा तीच मोजणी, आणि महिनाभराने आणखी एकदा. आम्ल हाताळण्याचे काम गॅरेजवाल्याने व शिक्षकांनी करावे, मुलांनी घड्याळ आणि व्होल्टमीटर सांभाळावा. बॅटऱ्या थोड्या असल्याने एकदाच केलेल्या तपासणीतून ठाम निकाल मिळणार नाही, हेही वहीत लिहावे.

बहुधा असे दिसेल की पहिल्या सावकाश चार्जिंगनंतर दोन्ही गटांतल्या काही बॅटऱ्या सुधारल्या, आणि नुसत्या पाण्याच्या गटातल्याही सुधारल्या. तसे झाले तर विद्यार्थ्यांना समीकरणातला उलटा बाण किती लांब आहे, तेही कळेल. पाठ्यपुस्तकाची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा या बाणाखाली चार ओळी वाढवाव्यात : सल्फेटचे स्फटिक का वाढतात, जाळी का गंजते, उष्णतेने काय होते आणि पाणी शुद्ध का हवे. त्या येईपर्यंत शिक्षकांनी त्या फळ्यावर लिहायला हरकत नाही.